पहिली गाडी म्हणून दोन दारांची हेराल्ड : जालन्याहून काही प्रश्न

मोसंबीबाग

सर्वांना नमस्कार. माझे वय २३ वर्षे आहे. मी जालना तालुक्यातील एका गावात राहते आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात साच्यांच्या मोजमापाचे काम करते. गेल्या दिवाळीनंतर मी माझी पहिली गाडी घेतली. ती १९६७ सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. आमच्या भावकीतील एका आजोबांच्या शेतात ती कडब्याच्या गंजीआड २२ वर्षे उभी होती. ४५,००० रुपये देऊन मी ती घेतली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून घरी आणली.

मला लहानपणापासून स्पोर्ट्‌स कारची ओढ आहे, पण खरी जुनी स्पोर्ट्‌स कार माझ्या आवाक्यात कधीच नव्हती. वाचता वाचता असे कळले की, ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली आणलेली स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार हेराल्डचीच चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आखूड करून तिच्यावर उभी केली होती. इंजिनाचे घराणे तेच, पुढच्या चाकांची जोडणी तीच, आणि दोन्ही गाड्यांची आखणी इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांची. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हीच हेराल्ड आपल्या देशात बनवली. त्यामुळे मी स्पिटफायरची थोरली बहीण घरी आणली आहे, असे मी मानते.

सध्याची स्थिती अशी आहे. ९४८ सीसीचे इंजिन हाताने फिरते, म्हणजे जाम नाही. चासी बऱ्यापैकी ठणठणीत आहे. दारांखालचा पत्रा आणि डिकीचा तळ मात्र गंजून जाळी झाला आहे. हेराल्डचे छत नट-बोल्टवर बसवलेले असते. आधीच्या मालकांनी ते केव्हाच उतरवून शेतातल्या विहिरीवर, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर आडोसा म्हणून ठेवले आहे. ते आजही तिथेच आहे आणि पेटी कोरडी आहे. मला गाडी बिनछताचीच ठेवायला आवडेल.

सुरुवातीला मी गाडी एका गॅरेजात दिली होती. त्यांनी महिनाभरात गंजलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून वरून अस्तर मारले, १८,००० रुपये घेतले आणि इंजिनाला किंवा ब्रेकला हातही लावला नाही. पहिल्याच पावसात लांबीला फुगे आले. मला त्या पैशांपेक्षा गेलेल्या महिन्याचे आणि ठेवलेल्या विश्वासाचे जास्त वाईट वाटते. आता गाडी मी घरी आणली आहे आणि जमेल तेवढे काम स्वतः करायचे ठरवले आहे. वर्षभरात मी दीड लाख रुपये खर्च करू शकते. बाबांचे म्हणणे असे की, तेवढ्याच पैशांत चांगली वापरलेली छोटी गाडी मिळेल आणि ती उद्यापासून चालेल. त्यांचे चुकते आहे असे मला म्हणता येत नाही. मी सुरुवात कुठून करावी?


इंचीपाना

तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. राग मानू नकोस. मी लातूरला ३१ वर्षे गॅरेज चालवले आणि हेराल्ड व तिच्यानंतरची गझेल मिळून बऱ्याच गाड्या उघडल्या आहेत. रंग, गाद्या, छत हे सगळे विसर. आधी पुढची दोन चाके उतरव.

हेराल्डच्या पुढच्या चाकाचा सगळा भार एका उभ्या पोलादी दांड्यावर असतो. त्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि ते टोक पितळी रंगाच्या एका ठोकळ्यात बसते. त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टीअरिंग फिरवले की दांडा त्या आट्यांत फिरतो, म्हणजे गाडीचे वळणे हे अक्षरशः एका मोठ्या स्क्रूवर चाललेले असते. या ठोकळ्यात गिअरचे ९० नंबरचे तेल भरायचे असते. आपल्याकडे निप्पल (तेल-ग्रीस भरायचे तोंड) दिसला की ग्रीसगन लावायची सवय आहे, आणि तिथेच घात होतो. ग्रीस तळापर्यंत उतरत नाही, वाळून घट्ट होते, त्यामागे पाणी साचते, पोलादी दांडा आट्यांपाशी गंजतो आणि एक दिवस वळणावर तुटतो. तुटला की चाक आडवे पडते. 'हेराल्डचे चाक निखळते' अशी जी बदनामी आपल्याकडे झाली, तिच्यात या ग्रीसचा मोठा वाटा आहे, असे माझे पक्के मत आहे. गाडी बिचारी निर्दोष होती.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. डाव्या आणि उजव्या बाजूचे ट्रनियन वेगळे असतात, कारण एका बाजूचे आटे उलटे आहेत. त्यामुळे सुटे भाग मागवताना बाजू सांगूनच मागव. आणि ही गाडी इंची मापाची आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना चालवलास की नटाचे कोपरे मरतात आणि मग छिन्नी-हातोड्याशिवाय तो निघत नाही. इंची पान्यांचा एक संच आधी घे. तो तुझा पहिला खर्च.


मोसंबीबाग

काका, राग कसला, उलट आनंद झाला. तुमचे वाचून रविवारी सकाळीच डावे चाक उतरवले. पुढचे संपूर्ण तोंड, मडगार्डसकट, पुढच्या बाजूला उलटते आणि चाकावर बसून काम करता येते; एवढी सोय मी कुठल्याही नव्या गाडीत पाहिलेली नाही.

ट्रनियनमधून जे निघाले ते ग्रीस आहे हे ओळखायलाही वेळ लागला. तांबूस, मेणासारखे घट्ट, नखाने खरवडावे लागेल असे. त्याखाली आट्यांच्या मुळाशी गंजाचे खड्डे होते. मी दांडा सोबत कारखान्यात नेला आणि साहेबांची परवानगी घेऊन प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवला. पडद्यावर आट्यांची सावली मोठी होऊन दिसते. वरच्या भागातले दात एकसारखे, टोकदार होते. खाली, जिथे पाणी साचत असावे, तिथे दात झिजून गोलाकार झाले होते आणि दोन दातांच्या मधल्या खोबणीत केसासारखी एक रेघ दिसत होती. शेजारी उभे असलेले आमचे वरिष्ठ बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा दांडा परत गाडीला लावू नकोस." मी तो टेबलावर ठेवला आहे. उजवीकडचाही उघडून पाहीन, पण दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन नवेच मागवणार आहे.


शेंद्रा फाटा

पेट्रोलबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे. ते इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या सीटला, म्हणजे झडप जिथे टेकते त्या कडेला, एक प्रकारे गादीचे काम देई. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. त्यामुळे हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलेलेच असेल, तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. हे काम लेथवर होते आणि तुमच्या चिकलठाण्यात किंवा वाळूजमध्ये ते नीट करणारे कारागीर आहेत.

दुसरी बाब इथेनॉलची आहे. आता पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे असते. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागाला त्याचा फायदा होतो, हे मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणून जाणतो. पण १९६७ च्या रबराला ते सोसत नाही. जुन्या नळ्या फुगतात, आतून सोलतात आणि त्याचा गाळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्या. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर लोखंडी टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते, तेव्हा जेट थोडे मोठे लागेल. प्लगचा रंग पाहून ते ठरवावे. पांढरट दिसला तर पेट्रोल कमी पडते आहे.

बॅटरी जोडण्यापूर्वी अर्थिंग, म्हणजे चासीला केलेली जोडणी, बॅटरीच्या कुठल्या टोकाला आहे ते तपासा. त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत धन टोक चासीला जोडलेले असे. तशा गाडीत आजच्या पद्धतीने नवा रेडिओ किंवा चार्जर लावला तर तो क्षणात जळतो.


लातूरची वेस

मी आरटीओच्या कामांत लोकांना मदत करतो, म्हणून कागदांपुरतेच लिहितो. गाडीवर आणखी एक रुपया खर्च करण्याआधी मूळ नोंदणी पुस्तक हातात घ्या आणि त्यातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहा. इंजिन कधी बदलले असेल आणि त्याची नोंद नसेल, तर तपासणीच्या दिवशी सगळे अडते. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद बहुधा संगणकावर चढलेली नसते. त्यासाठी मूळ नोंदणी जिथे झाली त्या कार्यालयाकडून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, आणि हेच काम सर्वांत जास्त वेळ खाते.

आता महत्त्वाचा मुद्दा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खाजगी गाड्यांसाठी 'विंटेज' नोंदणीची सोय केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे, आणि नोंदणी १० वर्षे टिकते. अनेकांना वाटते की जुन्या गाडीला हाच मार्ग योग्य. परंतु तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती चालवता येते. तुम्हाला ही पहिली गाडी म्हणून चालवायची आहे. म्हणून साध्या नोंदणीचेच पाच वर्षांसाठी नूतनीकरण करा. एप्रिल २०२२ पासून मोटारींना त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले होते आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. उशिराचे शुल्क दरमहा वेगळे लागते, पर्यावरण कर वेगळा, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागेल. ही बेरीज तुमच्या दीड लाखातून आधी बाजूला काढून ठेवा.

छताविषयीही लिहितो. पुस्तकात गाडीची नोंद बंद छताची असेल, तर छत उतरवून ती तपासणीला नेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. विहिरीवरचे छत परत आणावे लागेल.


बालाघाट

मी येथे विरोधी मत मांडणार आहे आणि ते काळजीपोटी आहे. माझा मुलगा या ताईंच्याच वयाचा आहे, आणि आम्ही बीडचे लोक मांजरसुंब्याच्या घाटातून नेहमी जातो. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे साधन) नाही, आणि तेलाची व्यवस्था एकेरी आहे. म्हणजे एका चाकापाशी गळती झाली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. आजच्या गाडीत अपघाताचा धक्का शोषून घेण्यासाठी जे केलेले असते, त्यातले काहीच हिच्यात नाही. ज्या व्यक्तीने अजून पावसाळ्यातला घाट, रात्रीचे उसाचे ट्रॅक्टर आणि दिवे नसलेल्या बैलगाड्या अनुभवलेल्या नाहीत, तिने गाडी चालवायला अशा गाडीवर शिकू नये, असे मला मनापासून वाटते.

त्यात मागच्या चाकांची रचना. हेराल्डला मागे एक आडवा पाटा (स्प्रिंगचा) आहे आणि दोन्ही चाके मधल्या डिफरन्शियलपासून (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीपासून) पंखांसारखी वरखाली हलतात. वेगात वळण घेताना चालक घाबरून अचानक ॲक्सिलरेटर सोडतो, तेव्हा गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक आत दुमडू लागते आणि गाडी मागून निसटते. स्पिटफायरलाही हाच दोष होता. १९७० च्या सुमारास पाट्याची बांधणी बदलून तो कमी करण्यात आला. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा, हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे त्यांच्यासाठी ही गाडी ठीक आहे. नवशिक्याला ते सांगून कळत नाही.


इंचीपाना

बालाघाटकरांचा एकही मुद्दा मला खोडता येत नाही. फक्त त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. मुलीने चालवायला दुसऱ्या गाडीवर शिकावे, निदान एक पावसाळा काढावा, हे खरे. तोवर हेराल्ड तयार होत राहील, आणि जी व्यक्ती स्वतः ट्रनियन उघडते ती गाडी बेफिकीरपणे चालवत नाही, हा माझा अनुभव आहे.

ब्रेकमध्ये काटकसर करू नकोस. मास्टर सिलेंडर, चारही चाकांचे सिलेंडर, रबरी होज आणि धातूच्या नळ्या, सगळे नवे. जुना सिलेंडर होन करून (आतून घासून) नवे वॉशर घालू, असे कोणी सुचवले तर ऐकू नकोस. २२ वर्षे उभ्या गाडीच्या सिलेंडरच्या आत खड्डे पडलेले असतात आणि त्यावर नवे वॉशर चार महिन्यांत फाटते. गाडी पुन्हा रस्त्यावर आली की ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलत जा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी एक तपासणी कर. कोणाला तरी क्लच दाबायला सांग आणि तू क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या पुलीकडे पाहा. क्लच दाबताना पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. अर्धचंद्रासारखे पातळ वॉशर असतात ते. ते फार झिजले की सांपात, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या तबकात, गळून पडतात आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो. त्या दिवशी इंजिन संपते. वेळीच कळले तर काम लहान आहे. ही खोड या घराण्यातल्या सगळ्या इंजिनांना आहे, म्हणून सिग्नलवर क्लच दाबून उभे राहू नये, न्यूट्रल करावे.

सीटबेल्ट तीन टोकांचा लाव. वरचे टोक दाराच्या मागच्या खांबाला घ्यायचे, आत जाड पट्टी वेल्ड करून. नुसत्या पत्र्यात बोल्ट घालायचा नाही.


मोसंबीबाग

बालाघाटकर, तुमचा प्रतिसाद मी आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "हे गृहस्थ शहाणे आहेत." शेवटी असे ठरले की, मी वर्षभर बाबांची गाडी चालवायची, त्यात निदान दहा वेळा त्यांना शेजारी बसवून अजिंठ्याचा घाट आणि पावसातला छत्रपती संभाजीनगर रस्ता करायचा, आणि त्यानंतरच हेराल्ड गावाबाहेर काढायची. समृद्धी महामार्गावर ती मी कधीच नेणार नाही. जिथे बाकीची वाहने १२० च्या वेगाने जातात तिथे ती स्वतःला आणि इतरांना धोका ठरेल.

काका, पुलीची तपासणी केली. आईने क्लच दाबला आणि मी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे यंत्र) लावून बसले. हालचाल आहे, पण डोळ्यांना जेमतेम जाणवते. तरीही सांप उतरवून नवे, थोडे जाड वॉशर घालणार आहे. गेजचा काटा प्रत्येक दाबेसरशी हलताना पाहून आईने विचारले, "म्हणजे हे आतून रोज एवढे झिजत होते आणि कोणाला कळत नव्हते?" त्यानंतर तिने मला एकदाही गाडी विकण्याबद्दल विचारले नाही.


गोदाकाठ

नांदेडहून वाचतो आहे. माझ्याकडे हेराल्ड नाही, जुनी जीप आहे, पण उन्हाळ्याचा अनुभव सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. तांब्या-पितळेचा रेडिएटर नुसता धुऊन भागत नाही. आतल्या नळ्यांत क्षार बसलेला असतो, तो रीकोअर करून, म्हणजे आतला गाभा नवा बसवून, घ्या. बोअरचे पाणी कधीही घालू नका. दुपारी गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाली नाही, तर पंप आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओले फडके टाकून थांबा. सेल्फ मारत बसलात तर फक्त बॅटरी उतरेल.


मोसंबीबाग

सहा महिन्यांनी लिहिते आहे. नोंदणी पुस्तकातले दोन्ही क्रमांक जुळले. बॅकलॉग नोंदीला तीन महिने आणि पाच खेपा लागल्या, पण ती झाली. पुढची दोन्ही चाके नव्या दांड्यांवर आणि नव्या ट्रनियनवर आहेत, आत ९० नंबरचे तेल आहे, आणि निप्पलवर मी लाल रंगाने 'फक्त तेल' असे लिहून ठेवले आहे. ब्रेक पूर्ण नवे आहेत. गॅरेजात भरलेली सगळी लांबी खरवडून काढली. तिच्याखाली माझा हात आरपार जाईल एवढे भोक होते. तिथे नवा पत्रा वेल्ड केला. त्याचा अजून रंग झालेला नाही, नुसते लाल प्रायमर आहे.

मागच्या आठवड्यात गाडी पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर अंगणात फिरली. साडेसात मीटरच्या वर्तुळात ती पूर्ण वळते हे मी वाचले होते. आमच्या अंगणात आंब्याचे झाड आणि गोठा यांच्यामधून ती एकाच फेरीत वळली, तेव्हा गोठ्यातल्या म्हशीसकट सगळे बघत राहिले. इंजिन ११ मिनिटे चालले. मग उन्हात बंद पडले, आणि मी ओले फडके घेऊन आले. गोदाकाठ, तुमचे आभार.

राहिले छत. ते मागायला मी आजोबांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "ने, पण आधी माझ्या स्टार्टरची सोय कर." मी दोन पत्रे आणि चार अँगल आणले आणि विहिरीवर नवा आडोसा उभा केला. मगच छत उचलले. आतल्या बाजूला चिमण्यांची जुनी घरटी होती आणि कडेच्या बोल्टांची आठही छिद्रे शाबूत होती. आता ते घरी भिंतीला टेकवून ठेवले आहे. काका, बसवण्याआधी एक विचारायचे आहे : छत आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये मूळचे रबर मिळत नाही. साध्या दाराचे रबर कापून चालेल का?


इंचीपाना

चालणार नाही, पाणी आत येईल. ट्रकच्या काचेला जे एच आकाराचे रबर लागते ते जालन्यात मिळेल, त्याचा एक ओठ कापून घे. आधी छत बोल्ट न कसता नुसते ठेव, दोन्ही दारे लावून पाहा, फट वरपासून खालपर्यंत सारखी आली की मगच कस. कसताना एक बोल्ट डावीकडचा, एक उजवीकडचा. फोटो टाक.